पृथ्वीवर कुठेही

मुदत रविवार, रात्री अकरा एकोणसाठ,
पृथ्वीवर कुठेही.

हे 'कुठेही' कुठं असतं ते अंकुशनं शोधलं,
सेतू केंद्रात, कुणाचा तरी सातबारा प्रिंट करता करता.
"समुद्रात बेट हाये म्याडम, तिथला दिवस सगळ्यात मागून मावयते.
म्हंजे आपला सोमवार, साडेपाचले एक मिनिट कमी.
आरामात होते."

आरामात.
दोन कॉलम, आठ पानं, आकृत्या वेगळ्या.
मी तासिकेवर शिकवणारी, उन्हाळाभर बिनपगारी,
आणि विषय एक दगड:
मोहदरीच्या नाल्याकाठी, मोहाखाली,
कोरलेल्या रेघा, तेवीस घरं,
भोवतीची माती गुराख्यांनी बसून बसून गुळगुळीत केलेली.
दोन वाघ, विटेचे तुकडे.
पंधरा बकऱ्या, पळसपापड्या,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून थुंकी लावून चिकटवलेल्या.

आयतू कुमरेंनी मला तीन दुपारी हरवलं.
हरला त्यानं उठायचं,
कुणाच्या उन्हाळी भुईमुगात शिरलेली गुरं वळवून आणायची.
जिंकला तो बसून राहतो.
बस, एवढंच.
मागच्या वर्षी परीक्षक क्रमांक दोननं समासात लिहिलं होतं,
विजयाची अट स्पष्ट करावी.
त्यांच्याकडे ऊन पडत नसावं.

यंदा परीक्षण दोन्हीकडून डोळे बांधून,
आंधळी कोशिंबीरच म्हणा.
लेखक ओळखू येईल असं काहीही नको.
मी माझं नाव काढलं. सोपं गेलं,
कॉलेजच्या मस्टरवरही ते पेन्सिलीनंच असतं.
तालुका काढला. आभार काढले, त्यात अंकुश गेला.
मग आयतू कुमरे खोडून तिथं माहितीदार १.
मोहदरी खोडली.
नाला राहू दिला,
नाले पृथ्वीवर कुठेही असतात.

रविवारी जाऊन सांगितलं,
बाबा, तुमचं नाव काढावं लागलं.
वाटलं, रागावतील.
ते पळसपापड्या निवडत होते, फुटक्या एकीकडे.
"बराबर हाये," म्हणाले. "आमी तरी कुठं घेतो?"
कुणाचं?
त्यांनी विटेच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

तीन दुपारी
त्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकलाच नव्हता.
मोठा इकडून आला. मोठ्यानं खाल्ली. मोठा कोंडला.
आठ पानांत एकशे बारा वेळा
वाघ मीच लिहिला होता.
"नाव घेतलं का येते थो.
धुर्पतानं घेतलं पोयाच्या साली, हसत हसत.
सांजेले कालवड गेली."
तिथून टिपेश्वरचं जंगल सुरू होतं.
मी खांद्यावरून मागं पाहिलं,
आणि माझ्या तीन बकऱ्या गेल्या.

रात्री फाइलला सांगितलं, शोधा आणि बदला.
सगळीकडे.
एकशे बारा नव्हे, एकशे तेरा म्हणाली.
झोप होती डोळ्यांत, मोजणी चुकली असेल म्हटलं.

सोमवार, पाच वाजून चार. लाइन गेली.
अंकुशनं पंखा बंद केला, झेरॉक्स बंद केलं,
सगळा इन्व्हर्टर माझ्या आठ पानांना.
उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत एक बाई:
"थ्या कोनता फारम भरून रायल्या?"
"खेयाचा. बाहेरदेशी जाते."
"खेयाचाबी फारम असते?"
तिनं माझ्याकडे नीट पाहिलं,
दाखला दुसऱ्या हातात घेतला
आणि रांगेत मला जागा करून दिली,
मी आधीच पुढं होते तरी.

पाच सव्वीस. हिरवी खूण.

एसटीत फाइल उघडून पाहिली.
संदर्भसूचीत, नवव्या क्रमांकावर,
ज्यांनी मला संशोधन म्हणजे काय ते शिकवलं
ते वाघमारे सर:
मोठामारे.

आता काही करता येत नाही. बेटावर रात्र झाली.
आयतूबाबा म्हणतील, चांगलं झालं, थेबी वाचले.

खिडकीतून नाला जातो, मोह जातो,
दगड रस्त्यावरून दिसत नाही.
फक्त कुणीतरी सावलीतून उठून
पायात चप्पल सरकवत
गुरांमागे निघालेलं.